भोवऱ्याचा डावा बूट

माझ्या मामाच्या तोंडात कायम खिळे असत. खालच्या ओठाच्या आत, ओळीनं, सात-आठ. एक बुटात ठोकला की दुसरा ओठातून काढायचा. त्यामुळे दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला उत्तर म्हणून नुसतं ‘हं’ मिळायचं, आणि समोरून नुसतं ‘हं’ आलं की माणसं किती बोलतात हे मी त्या दुकानात बसून शिकले. शहरातले सगळे त्याला खिळेमामा म्हणत. सख्खी भाची मी एकटी, पण मामा तो सगळ्यांचाच.

दुकान पुलाच्या तोंडाशी होतं. आत शिरल्यावर दहा पावलांत संपायचं. समोर ठेंगणा लाकडी बाक, त्यापुढे लोखंडी पाय, ज्यावर बूट उलटा घालून ठोकतात, आणि मागच्या फळीवर चिठ्ठ्या लावलेले जोड. चामडं, मेण आणि पॉलिश यांचा मिळून एक वास यायचा. तो अजून कधी कुठे आला की माझे पाय थबकतात. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. आईवडील दूर, म्हणून राहायला मामा-मामीकडे. सकाळची पाळी दोनला संपली की मी डबा घेऊन थेट दुकानात यायचे आणि गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसून जेवायचे. मामा म्हणायचा, “तुझ्यामुळे दुकानाला खाणावळीची कळा आलीय.” पण मी एखाद दिवशी आले नाही तर संध्याकाळी घरी त्याचा चेहरा उतरलेला असे.

आमच्या शहरात फुटबॉलचे दोन क्लब. जुना क्लब आणि नवा क्लब. नवा म्हणजे कालपरवाचा नव्हे, जुन्याहून तो तीनच वर्षांनी धाकटा आणि तेव्हा पन्नाशीला टेकलेला. सामना संपल्यावर चेंडू कुणाच्या घरी ठेवायचा यावरून दोन भावांचं भांडण झालं, धाकटा रागानं पुलापलीकडे राहायला गेला आणि त्यानं आपला वेगळा क्लब काढला. आमच्या थोर वैराचा इतिहास तो एवढाच. जुन्याचा रंग निळा, नव्याचा पिवळा. मामा निळा. मी निळी, आणि आजही निळीच आहे, कुणाला काही म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं. मामी मात्र पलीकडची. तिचा थोरला भाऊ नव्या क्लबाचा सेक्रेटरी होता. मामी म्हणायची, “लग्नात आडनाव बदललं, घर बदललं, तेवढं पुरे झालं. रंग बदलणार नाही.”

गंमत अशी की दोन्ही क्लबांचे बूट मामाकडेच यायचे. त्या काळी खेळाडूंच्या बुटांच्या तळाला चामड्याचे गोल तुकडे खिळ्यांनी ठोकलेले असत. स्टड म्हणतात त्यांना. मैदान कोरडं असलं तर आखूड, ओलं असलं तर उंच. मोठ्या सामन्याआधी जुने उपटायचे, नवे ठोकायचे. हे काम मामासारखं कुणाला जमत नसे, म्हणून पलीकडचेही नाक मुठीत धरून यायचे. निळ्यांचं पोतं डाव्या भिंतीच्या खुंटीवर आणि पिवळ्यांचं उजव्या. सत्तावीस वर्षं एकच नियम होता, या भिंतीवरचं त्या भिंतीला सांगायचं नाही. आणि ठरल्या वेळी बूट तयार नाही, असं सत्तावीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

नियमाची गरज का होती तेही सांगते. मामा बूट हातात घेतला की आधी तळ बघायचा. कुठला स्टड किती झिजलाय, कुठली कड दबलीय, यावरून त्याला माणूस कळायचा. “हा गोलकीपर झोपेतसुद्धा उजवीकडेच उडी मारत असणार.” “याचं लग्न ठरलं वाटतं, दोन आठवडे सरावाला फिरकलेला नाही.” मला आधी वाटायचं, थापा मारतोय. मग त्या गोलकीपरच्या डाव्या बाजूनं लागोपाठ तीन गोल झालेले मी स्वतः पाहिले आणि गप्प बसले.

ही विद्या तो स्वतःच्या पायावर शिकला होता. तरुणपणी मामा जुन्याकडून तीन हंगाम खेळला. तेविसाव्या वर्षी त्याचा गुडघा दुखायला लागला. उपांत्य सामना तोंडावर होता, म्हणून तो कुणाला बोलला नाही. खेळला, आणि अकराव्या मिनिटाला जो खाली बसला तो पुन्हा कधी मैदानात उतरला नाही. त्यानंतर जन्मभर पाय ओढत चालला. त्याचे त्या वेळचे बूट त्यानं एकदा मला दाखवले. एका बुटाचे स्टड झिजून सपाट झालेले, दुसऱ्याचे जवळजवळ कोरे. “मी बोललो नव्हतो, पण बूट बोलला होता,” तो म्हणाला, “फक्त बघणारं कुणी नव्हतं.”

तर त्या वर्षी कपच्या अंतिम सामन्यात आमचेच दोन्ही क्लब पोचले. सोळा शहरांचे क्लब त्या कपासाठी खेळायचे आणि तोवर तो आमच्याकडे कधी आला नव्हता. आता तो कुणीही जिंकला तरी शहरातच राहणार होता, म्हणजे खरं तर सगळ्यांनी खूश व्हायला हवं. पण तसं वागेल तर ते आमचं शहर कसलं. पुलाजवळच्या न्हाव्यानं दारावर पाटी लावली, ‘पिवळ्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर बसावे.’ एक्स्चेंजमध्ये आमच्या बोर्डवर पुलाअलीकडून पलीकडे इतके फोन जायला लागले की आमची दमछाक झाली, आणि सगळे कशासाठी, तर फोन उचलल्यावर ‘रविवारी बघून घेऊ’ म्हणून खाली ठेवायला. आमच्या घरी मामीनं स्वयंपाकघराला पिवळा पडदा लावला. मामानं बाहेरच्या खोलीला निळा लावला. मधल्या बोळात दोघं एकमेकांशी नेहमीसारखी बोलायची. किती हसायचो आम्ही त्या आठवड्यात. इतकं हसू त्या घरात नंतर बरीच वर्षं ऐकू आलं नाही.

गुरुवारी दोन्ही पोती आली. मी पोचले तेव्हा मामा उजव्या भिंतीचं पोतं सोडून बसला होता. पुढ्यात एकच जोड होता आणि तोंडातले खिळे त्यानं काढून बाकावर ठेवले होते. मी म्हटलं, “काय रे, जेवलास का?” त्यानं डावा बूट माझ्यासमोर धरला, मग उजवा.

जोड भोवऱ्याचा होता. भोवरा म्हणजे नव्या क्लबाचा सेंटर फॉरवर्ड, एकवीस-बावीस वर्षांचा, छापखान्यात काम करायचा. चेंडू पायाशी घेऊन जागच्या जागी असा गरकन फिरायचा की आमचे बचाववाले एकमेकांवर आदळायचे. तीन आठवड्यांपूर्वीच्या उपांत्य सामन्यात तीन गोल त्याचेच. तो फिरायचा डाव्या पायावर, म्हणून त्याच्या डाव्या बुटाचे पुढचे स्टड नेहमी आधी संपायचे. या वेळी, उपांत्य सामन्यानंतर मामानं ठोकलेल्या नव्या स्टडांपैकी डाव्याचे कोरे होते आणि उजवा पार झिजला होता. डाव्या बुटाच्या आत, घोट्यावरच्या कडेला, नडगीच्या बाजूनं, कापडाची घडी शिवून घातलेली होती.

“तीन आठवडे हा डावा पाय नीट टेकवतच नाहीये,” मामा म्हणाला. “गुडघा नाही. खाली, नळीचं हाड आहे. आणि कुणाला बोललेला नाही.”

माझ्या मनात काय आलं ते मी लपवणार नाही. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. भोवरा लंगडा म्हणजे कप आपला. मामानं माझ्याकडे पाहिलं आणि मला स्वतःची लाज वाटली, पण ती नंतर. आधी उकळ्याच.

त्याच संध्याकाळी मास्तर आला. मास्तर जुन्या क्लबाचा प्रशिक्षक आणि मामाचा लहानपणापासूनचा मित्र. मामाचा गुडघा गेला त्या सामन्यात त्याला उचलून बाहेर नेणाऱ्यांत तो होता. आपलं पोतं खांद्यावर टाकून तो दारात रेंगाळला. “त्या भिंतीवरचं विचारत नाही रे,” तो म्हणाला, “पण भोवरा गेल्या सामन्यात शेवटी शेवटी थोडा दमल्यासारखा वाटला. तुला काय वाटतं?” मामा म्हणाला, “हं.” तोंडात खिळे नसताना मामा ‘हं’ म्हणाला हे मी पहिल्यांदाच ऐकलं. माझ्या तोंडात एरवी तीळ भिजत नाही, पण मी डब्याचं झाकण लावत बसले. मास्तर गेला.

शुक्रवारी मामानं भोवऱ्याला बोलावून घेतलं. मी दुकानात असतानाच तो जेवणाच्या सुट्टीत आला, बोटांना शाई, केसांना तेल, चेहऱ्यावर दोन दिवसांनी राजा होणार असल्याचा भाव.

“पाय दाखव,” मामा म्हणाला.

“कशाला?”

“दाखव.”

“काही झालेलं नाही मामा. थोडा मुका मार आहे.”

“मुक्या माराला कुणी तीन आठवडे बुटात घडी शिवत नाही. हाड तडकलंय तुझं. कुणी त्यावर पाय दिला तर पुढे काय होतं ते मी चालून दाखवू का?”

भोवऱ्यानं पाय मागे ओढून घेतला. मग हसला. तसं वाईट हसला नाही, पण हसला. “मामा, तुम्ही निळे. रविवारी फायनल आणि तुम्ही मला सांगताय खेळू नको. तुमच्या जागी मी असतो तर मीही हेच सांगितलं असतं.” उठताना त्यानं टाच जपून टेकवली, ते आम्हा दोघांनाही दिसलं. दारातून तो म्हणाला, “आखूड स्टड लावा, मैदान कोरडं आहे.”

तो गेल्यावर मी मामाला म्हटलं, “मामीच्या भावाला सांग ना. सेक्रेटरी आहे, बसवेल त्याला.” मामा म्हणाला, “तो काय म्हणेल माहितीय? निळ्यांनी पाठवलंय. आणि भोवरा त्याच्यासमोर उड्या मारून दाखवेल. मीही दाखवल्या होत्या.” मी म्हटलं, “मग मास्तरला?” मामा म्हणाला, “मास्तर माझा मित्र आहे. पण त्याला कळलं तर पहिल्या पाच मिनिटांत आपला कुणीतरी त्याच नळीवर बूट घालणार.” खरं बोलावं तर ते कुणाजवळ, हा प्रश्न होता. मामा निळा होता म्हणून पिवळे ऐकणार नव्हते, आणि निळे ऐकणार होते ते भलत्याच कारणासाठी.

शनिवारी मी दोन वाजता आले तेव्हा नव्या क्लबाचे दहा जोड नवे स्टड ठोकून, पुसून ओळीनं लावलेले होते. अकरावा लोखंडी पायावर उलटा होता. मामा म्हणाला, “दार जरा ओढून घे.” मग त्यानं रापी घेतली, चामडं कापायचं ते रुंद पातं, आणि डाव्या बुटाचा तळ आणि वरचं चामडं यांच्या शिवणीत घातली. टाचेपासून चवड्यापर्यंत एका ओढीत. तेवढ्यावर थांबला असता तर शिवता आलं असतं. त्यानं पातं वळवलं आणि वरचं चामडंही बोटभर फाडलं. काम झाल्यावर त्यानं रापी पुसून जागेवर ठेवली.

“अरे, दुसऱ्या कुणाचे बूट घालून खेळेल तो,” मी म्हटलं.

“त्याचा पाय आखूड आणि रुंद आहे. शहरात त्या मापाचा दुसरा जोड नाही. मी सगळ्यांचे पाय ओळखतो.” मग तो म्हणाला, “हे तू पाहिलेलं नाहीस.”

फोनच्या बोर्डवर बसणाऱ्या बाईला हे वेगळं शिकवावं लागत नाही. मी मान हलवली.

चार वाजता मामीचा भाऊ स्वतः पोतं न्यायला आला. मामानं डावा बूट वेगळा काढून त्याच्या हातात दिला. म्हणाला, “जुने स्टड उपटताना तळ उचलला आणि चामडं फाटलं. चूक माझी. दुरुस्त होण्यासारखा नाही.” माझा मामा आपल्या कामाबद्दल गिऱ्हाइकाशी एवढं सलग कधी बोलला नव्हता, आणि बोलला तेही खोटं. मामीचा भाऊ बुटाकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, “भावजी, सत्तावीस वर्षांत तुमच्याकडून एक बूट फाटला नाही. फाटला तो हा?” आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यानं पोतं उचललं आणि पैसे बाकावर ठेवले, अकरा जोडांचे. मामानं एका जोडाचे परत दिले, ते त्यानं घेतले नाहीत.

रविवारी सगळं शहर मैदानात होतं, आणि फाटलेल्या बुटाची बातमी सगळ्यांना कळलेली होती. गोलच्या मागच्या कठड्यापाशी, जिथे मामा वर्षानुवर्षं उभा राहायचा, तिथेच आम्ही उभे होतो. मामी समोरच्या बाजूला भावाबरोबर. भोवरा कुणाचे तरी बूट घालून आला, सरावात एकदा गरकन फिरला आणि बूट मैदानात राहून पाय तेवढा बाहेर आला. आमची बाजू हसून लोळली. त्याला खाली बसवलं. तो मैदानाकडे बघतच नव्हता, आमच्या कठड्याकडे बघत होता. माझ्या आयुष्यात मला कुणी तसं पाहिलेलं नाही, आणि तेव्हाही तो मला पाहत नव्हता.

सामना रटाळ झाला, खरं सांगायचं तर. नंतर लोकांनी त्यात रंग भरले. दोन्हीकडचे घाबरून खेळत होते. सत्तराव्या मिनिटाला आमच्या उजव्या बाजूच्या पोरानं जीव खाऊन एक चेंडू आत टोलवला, गोलकीपर उजवीकडे झेपावला, चेंडू डावीकडून आत. आणि मी मामाला हवेत पाहिलं. पाय ओढणारा, पन्नाशीला आलेला माझा मामा दोन्ही हात वर करून हातभर उडाला होता. ओरडला काय, मला मिठी काय मारली. कप आमचा होता. पन्नास-बावन्न वर्षांत पहिल्यांदा. मी आजही डोळे मिटले की तो क्षण जसाच्या तसा येतो, आणि खोटं कशाला बोलू, अजून सुख होतं.

शिट्टी वाजली तशी आमची माणसं मैदानात घुसली. गोल मारणाऱ्याला खांद्यावर घेतलं, मास्तरला घेतलं आणि मग कुणीतरी ओरडलं, “खिळेमामाला घ्या. खरा गोल त्यानं मारला.” चारजणांनी मामाला उचललं. तो वरून म्हणत होता, “खाली उतरवा. अरे, उतरवा मला.” त्यांना वाटलं, लाजतोय. आख्ख्या मैदानाभोवती त्यांनी त्याला एक फेरी मारून आणली, पिवळ्यांच्या समोरूनसुद्धा. खाली उतरवल्यावर मास्तर जवळ आला आणि त्याच्या कानाशी म्हणाला, “काम चोख केलंस. तेव्हा नुसता हं म्हणालास, पण मला वाटलंच होतं.” मामानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि वळून चालायला लागला. दोघांची बालपणापासूनची मैत्री त्या वाक्यावर संपली. मास्तरला शेवटपर्यंत कळलं नाही की आपलं काय चुकलं.

घरी मामी आमच्या आधी येऊन बसली होती. तिनं सरळ विचारलं, “अहो, मुद्दाम केलंत?”

“हो,” मामा म्हणाला. मग त्यानं पायाचं सगळं सांगितलं.

“माझा विश्वास आहे,” ती म्हणाली. “पण दादाला सांगायला मी जाणार नाही. तो विश्वास ठेवणार नाही, आणि मग मला त्याच्याशी जन्माचं भांडावं लागेल.” एवढं बोलून ती उठली आणि तिनं दोन्ही पडदे काढून ठेवले.

मला वाटलं होतं, मामीनं विश्वास ठेवला म्हणजे मामाला हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. नव्या क्लबाचं पोतं त्यानंतर आलं नाही. त्याचं त्याला वाईट वाटलं, पण ते त्यानं गृहीत धरलं होतं. पलीकडच्या घरांचे साधे चपला-बूटही यायचे बंद झाले. मामीच्या भावानं तीन वर्षं उंबरठा शिवला नाही. हे सगळं एक वेळ परवडलं. पण अलीकडचे लोक दुकानात येऊन डोळे मिचकावायचे, “काय मामा, रापी धारदार आहे ना?” म्हणायचे, तेव्हा त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सगळं आयुष्य इमानानं काम केलेल्या माणसाला लोकांनी लबाड म्हणून डोक्यावर घेतलं होतं. शिव्या देणाऱ्यांना निदान राग तरी आला होता.

मी एकदा चिडून म्हटलं, “अरे, सांगून टाक ना सगळ्यांना. मी साक्षीला आहे.” तो म्हणाला, “काय सांगू?” आणि खिळे तोंडात घातले. मला वाटलं, मानी आहे, सांगणार नाही. मला काहीच कळलं नव्हतं.

भोवरा पुढच्या हंगामात पुन्हा खेळायला लागला आणि आठ हंगाम खेळला. आमच्यावर त्यानं जे गोल मारले ते मी मोजले नाहीत, मोजण्यात काही आनंद नव्हता. पुलावर समोरून आला तर तो तोंड फिरवून जायचा. जुना क्लब परत कधी अंतिम सामन्यात पोचला नाही. आमच्या क्लबाच्या खोलीत एकच कप होता, आणि मामा त्या खोलीत कधी गेला नाही.

नऊ वर्षांनी, एका दुपारी, मी दुकानात होते. माझं लग्न झालं होतं, पण एक्स्चेंज तेच होतं आणि डब्याची खुर्चीही तीच. दारात भोवरा उभा राहिला. जाडा झाला होता, हातात टोपी. त्यानं त्या महिन्यात खेळणं सोडल्याचं वर्तमानपत्रात आलं होतं. मामानं हातोडी थांबवली. भोवरा आत येऊन उभाच राहिला आणि पाठ केल्यासारखं बोलायला लागला.

“त्या सामन्यानंतर दीड महिन्यानं डॉक्टरला पाय दाखवला. त्यांनी हाडाचा फोटो काढला. म्हणाले, हाड तडकलेलं होतं, भरत आलंय. त्या दिवसांत कुणाचा पाय लागला असता तर तुटलं असतं, परत धड जुळलं नसतं. मला तेव्हाच यायला हवं होतं. पण मग क्लबाला सांगावं लागलं असतं की मी मोडक्या पायानं फायनल खेळायला निघालो होतो आणि सगळ्यांशी खोटं बोललो होतो. तुम्हाला शिव्या घालण्यात मीच पुढे होतो. नऊ वर्षं माझ्याच्यानं झालं नाही. आज आभार मानायला आलोय.”

मी मामाकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी. मामाचा चेहरा पांढरा पडला होता.

“आभार मानू नकोस,” तो म्हणाला. “मी त्या लायक नाही. आमचा गोल झाला तेव्हा मी उडी मारली. तू समोर बसला होतास, बघितलं असशील. तुझा पाय त्या वेळी माझ्या डोक्यातसुद्धा नव्हता. नऊ वर्षं मी हाच विचार करतोय की बूट फाडला तो तुझ्या पायासाठी, की त्या उडीसाठी. माझं मलाच सांगता येत नाही. म्हणून कुणाला सांगितलं नाही. काय तोंडानं सांगू?”

हे त्यानं मामीलाही सांगितलं नव्हतं. मला तर नाहीच. भोवऱ्यानं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्याला बोलायची फार सवय नव्हती, दिसतच होतं.

“बूट कधी फाडलात?” त्यानं विचारलं.

“शनिवारी. दुपारी.”

“आणि गोल?”

“रविवारी.”

“मग मी शनिवारचे आभार मानायला आलोय,” भोवरा म्हणाला. “रविवारचं तुमचं तुम्ही बघा.”

मामा त्याच्याकडे बघत राहिला आणि मग रडायला लागला. तोंडावर हात न घेता, बसल्या जागी, गुडघ्यावर कुणाचा तरी बूट तसाच. मी त्याला त्याआधी रडताना कधी पाहिलं नव्हतं. भोवरा हलला नाही, तो तिथेच उभा राहिला. मी नऊ वर्षं रोज त्याच खुर्चीत बसून मामासमोर जेवत होते, आणि एवढं साधं मला सुचलं नव्हतं.